दोन्ही हात गुंतलेल्यांचा कॅमेरा

ॲक्शन कॅमेरा म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांचं खेळणं, हे मत आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. खिशात मोबाइल असताना हे कशाला, असं मास्तर विचारतात. तेवढ्या पैशात फवारणीचा पंप येतो, असं बाप म्हणतो. ज्यांनी तो घेतला आहे ते मात्र बोरच्या जंगलात, समृद्धी महामार्गावर, धरणाच्या काठावर तो मिरवतात आणि याच्यासारखी दुसरी वस्तू नाही म्हणून सांगतात. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. विरोधक वस्तूला नावं ठेवतात, पण दोष वापराचा आहे. समर्थकांनी तर त्याला नेमकं त्याचं नसलेलं काम दिलं आहे.

आधी समर्थकांचं पाहू. बोर 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे 138 चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे हा कॅमेरा नेणाऱ्याची निराशा ठरलेली. त्याचं भिंग अतिशय रुंद कोनाचं असतं. समोरचं सगळं रान चौकटीत येतं, पण चाळीस फुटांवरचा वाघ त्यात ठिपक्यासारखा उरतो. मग गाडी अजून पुढे घ्या, अजून जवळ न्या, असा आग्रह सुरू होतो. हा आग्रह कुठवर जातो ते शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात 31 डिसेंबर 2024 रोजी दिसलं. पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. जो माणूस फक्त बघायला गेला आहे त्याच्याकडे डोळे आहेत, दोन्ही हात मोकळे आहेत. त्याला या कॅमेऱ्याची गरज नाही. दुर्बीण घ्यावी, ती स्वस्तही पडेल.

हेल्मेटवर कॅमेरा लावून फिरणाऱ्यांच्या बाबतीत माझं मत याहून कडक आहे. केरळच्या मोटार वाहन विभागाने हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला मनाई केली, ती मला रास्त वाटते. डोकं वाचवायच्या वस्तूवर टणक तुकडा बसवायचा आणि त्याला सुरक्षिततेचा पुरावा म्हणायचं, हे पटण्यासारखं नाही. तो छातीच्या पट्ट्यावर लावता येतो.

आता विरोधकांकडे वळतो. खर्चाचा आक्षेप खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. चांगला नवा कॅमेरा साधारण 25 ते 45 हजारांना पडतो. 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. म्हणजे मधल्या किमतीचा कॅमेरा घ्यायचा तरी चार क्विंटलांहून जास्त कापूस गेला, आणि हमीभाव मिळाला तर! त्यावर जादा बॅटऱ्या, मेमरी कार्ड, पट्टे. बॅटरी तास-दीड तासात उतरते. उत्तम दर्जाचं चित्रण तासाला 25 ते 45 जीबी जागा खातं आणि ते साठवायला, कापायला संगणक लागतो. उन्हाचा मुद्दा तर वर्ध्यात टाळताच येत नाही. काही नामांकित कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान 35 अंश छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत दुपारी कॅमेरा तापून आपोआप बंद पडला तर दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. अंधाऱ्या खोलीतही त्याचं चित्र भरड येतं. सेन्सर लहान, त्याला इलाज नाही. पीकविम्यासाठी नुकसानीचा फोटो काढायचा असेल, तर मोबाइल पुरतो आणि तोच योग्य.

पण ‘मोबाइल आहे ना’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण मोबाइलला एक हात लागतो. निक वुडमन यांनी 2002 मध्ये गोप्रो कंपनी काढली ती याच अडचणीतून. लाटेवर फळी सांभाळणाऱ्याला स्वतःचं चित्रण करता येत नव्हतं. समुद्र आपल्यापासून दूर आहे, पण अडचण मात्र वर्धा जिल्ह्यात रोज शेतात उभी असते.

कापसाची वेचणी पाहा. बाई एका हाताने फांदी वाकवते, दुसऱ्या हाताची बोटं फुटलेल्या बोंडात घालते आणि पाकळ्यांची वाळकी टोकं चुकवत सगळा कापूस एका हिसक्यात काढते. वाळल्या पानाचा चुरा त्याला लागू द्यायचा नसतो, नाहीतर बाजारात भाव तुटतो. हे सारं दोन-तीन सेकंदांत होतं आणि तोवर पहिला हात पुढच्या फांदीवर गेलेला असतो. बांधावर उभं राहून मोबाइलवर घेतलेल्या चित्रात वाकलेली पाठ दिसते. छातीवरच्या कॅमेऱ्यात बोटं दिसतात, आणि कौशल्य बोटांत आहे.

वर्ध्याचं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते 1938 मध्ये सुरू झालं. ग्रामोद्योगाची अवजारं तिथे जपली आहेत आणि ते मोलाचं काम आहे. पण अवजार जपता येतं, ते चालवणाऱ्या हाताची रीत काचेमागे ठेवता येत नाही. पेळूतून सूत ओढताना चिमटीचा दाब कुठे सैल करायचा, हे चरखा बघून कळत नाही. शिकणारा समोर बसला तर त्याला डावं-उजवं उलटं दिसतं. कातणाऱ्याच्या छातीवर कॅमेरा असेल, तर त्याला हात कातणाऱ्याच्याच बाजूने दिसतात. एवढंच बघायचं, की या कॅमेऱ्याला हातभराच्या आत आणलं की चित्र धूसर होऊ लागतं. पट्टा त्या बेताने बांधावा. 1937 मध्ये याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून शिकवण्याचा आग्रह धरला. त्या नई तालीमच्या गावात ‘हे शाळेत कशाला’ असा प्रश्न विचारला जावा, याचं मला वाईट वाटतं.

कॅमेऱ्याने माणूस दिखाऊ होतो, या आक्षेपाला तर सेवाग्रामनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. कनू गांधी आश्रमात काम करणारा तरुण. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्याने रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींनी परवानगी दिली, पण अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला कधी पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम यासाठी पैसा देणार नाही. आज गांधीजींचं रोजचं जगणं आपल्याला दिसतं ते बरंचसं त्या छायाचित्रांमुळे. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला ते जमलं नसतं, कारण कनू तिथल्याच कामात होता. छातीवरच्या कॅमेऱ्याला फ्लॅश नसतो आणि काम करणाऱ्याला पोझ द्यायला सवड नसते. पहिल्या दोन अटी तो आपसूक पाळतो.

एक मनाई मात्र यंत्र पाळू शकत नाही. फेब्रुवारी 1944 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचा अंतकाळ जवळ आला, तेव्हा गांधीजींनी कनूला छायाचित्र घेऊ दिलं नाही. सतत चालू राहणारा, कोणाच्या लक्षातही न येणारा कॅमेरा हा धोका कितीतरी वाढवतो. शेजारच्या ओळीत वेचणारी बाई, तिचं बोलणं, तिचं तान्हं मूल, हे सगळं त्या रुंद चौकटीत न विचारता येतं. या मुद्द्यावर विरोधकांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

म्हणून हा कॅमेरा एकट्याने हौस म्हणून घेऊ नये, बचत गटाने, शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा शाळेने एक घ्यावा. दहा जणींत वाटली तर किंमत पेलवते. चित्रण करायचं ते हिवाळ्यात, वेचणीच्या दिवसांत, सकाळच्या उजेडात. कॅमेरा चालू करण्याआधी आजूबाजूच्या सगळ्यांना सांगायचं. आणि ज्या बाईच्या छातीवर तो बांधला होता, तिने ते चित्रण आधी बघायचं, नको ते पुसायचं आणि उरलेलं कोणाला दाखवायचं ते तिनेच ठरवायचं.