पडदा पुसावा, हात धुवावेत

दसरा-दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची भांडी, पंख्याची पाती, भिंतीवरची जळमटे यांच्याबरोबर हल्ली लॅपटॉपचीही पाळी येते. मुलांचा अभ्यास, निरनिराळे अर्ज, दुकानाचा हिशेब हे सारे आता त्याच्यावरच चालते. तेव्हा तो लख्ख दिसावा असे वाटणे साहजिक आहे. मग कोणी खिडकीच्या काचा पुसण्याचे द्रावण पडद्यावर फवारतो, कोणी सॅनिटायझर लावतो, तर कोणी तोंडाची वाफ सोडून शर्टाच्या बाहीने खसाखसा घासतो. हेतू चांगला, पण उपाय मात्र चुकीचा!

आरोग्याच्या सदरात लॅपटॉप कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण असे की, स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे या दोन वेगळ्या गोष्टींची आपण गल्लत करीत आहोत. त्यात वस्तू बिघडते आणि रोग काही टळत नाही.

पूर्वीच्या टी.व्ही.ची समोरची काच जाड असे. ओल्या फडक्याने किंवा वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसली तरी तिचे काही बिघडत नसे. ती सवय आपल्या हाताला राहून गेली. आजच्या बहुतेक लॅपटॉपचा पडदा मात्र पातळ थरांचा बनलेला असतो आणि पुष्कळदा त्यावर चकाकी कमी करणारा नाजूक लेप असतो. काच पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. त्याने हा लेप खराब होऊन कायमचे ढगाळ डाग पडू शकतात. फवारलेला द्रव ओघळून खालच्या पट्टीत शिरला तर आतील विजेच्या जोडण्या बिघडतात. शिवाय सॅनिटायझर ज्वालाग्राही असतो. चालू, तापलेल्या यंत्रावर तो ओतणे हा निव्वळ अविचार होय.

2020 मध्ये कोरोनाच्या भीतीने आपण दाराच्या कड्यांपासून दुधाच्या पिशव्यांपर्यंत सारे निर्जंतुक करू लागलो. त्या वेळी ते समजण्यासारखे होते. परंतु दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोरोना होण्याचा संभव दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल 2021 मध्येच सांगितले. आजार बदलला तरी एक गोष्ट बदलत नाही. जंतू पडद्यावरून उडी मारून शरीरात शिरत नाहीत. त्यांना आपण आपल्याच बोटांनी नाका-तोंडाशी आणि डोळ्यांशी नेतो. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा साथीत घरातील चौघे एकच लॅपटॉप वापरत असतील, तर खरे औषध सॅनिटायझरच्या बाटलीत नसून मोरीवरच्या साबणाच्या वडीत आहे. वापरण्यापूर्वी आणि वापरल्यानंतर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत, डोळे चोळू नयेत, एवढे पथ्य पुरेसे उपयोगी पडते.

मग पडदा पुसावा कसा? प्रथम लॅपटॉप बंद करावा, चार्जरची पिन काढावी आणि यंत्र थंड होऊ द्यावे. चष्मा पुसण्याचे असते तसे मऊ, कोरडे, स्वच्छ फडके घेऊन अलगद पुसावे. दाब देऊ नये. धुळीत बारीक कण असतात, ते घासले गेले की चरे पडतात. एवढ्याने डाग न गेल्यास फडक्याचे टोक शुद्ध पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि मग पुसावे. आपल्याकडील बोअरचे क्षारयुक्त पाणी मात्र टाळावे, कारण ते वाळल्यावर पांढरे डाग राहतात. औषधाच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर चांगले. पाणी नेहमी फडक्यावर घ्यावे, पडद्यावर कधीही नाही. पडदा पूर्ण वाळल्याशिवाय लॅपटॉप मिटू नये.

शाळेच्या संगणक कक्षात किंवा सेवा केंद्रात एकाच यंत्रावर दिवसभर अनेक हात फिरतात. तेथे निर्जंतुकीकरणाची गरज भासू शकते. काही कंपन्या त्यासाठी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल असे सांगतात, पण ते सर्वच पडद्यांना लागू नाही. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच वापरावे.

डोळ्यांबद्दलही दोन शब्द. बोटांच्या ठशांनी आणि धुळीने अक्षरे अंधुक दिसतात, मुले पुढे वाकून वाचू लागतात. म्हणून पडदा स्वच्छ असावा हे खरेच. पण तो कितीही लख्ख केला, तरी तासन् तास एकटक पाहिल्याने पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. त्यासाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे.

लहानपणी पाटीला थुंकी लावली की गुरुजी रागावत आणि ओले फडके आणायला सांगत. आजच्या या पाटीलाही फडकेच हवे, फक्त ते अगदी मऊ आणि जवळजवळ कोरडे असावे. गावाकडच्या अनेक घरांत मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन लॅपटॉप घेतलेला असतो. तो फवाऱ्याने बिघडवून आरोग्य राखल्याचे समाधान मानण्यात कसला शहाणपणा?