कोब्याची चमक आणि कोब्याची परीक्षा

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

आमच्या तुमसरकडे घराचं काम बहुतेक धान विकल्यावर निघतं. हातात पैसा असतो, पावसाळा दूर असतो. त्यामुळे भिंती, छपाई आणि शेवटी कोबा, हे सगळं नेमकं उन्हाळ्यात येतं. काम संपलं की पाहुणे येतात, वाकून बघतात आणि म्हणतात, "वा, काय चमकते!" झाली परीक्षा! माझं स्पष्ट मत आहे की, नुसती चमक बघून कोबा पास करणं ही स्वतःचीच फसवणूक आहे.

ही चमक येते कुठून? वरून सिमेंट मारून केलेल्या घोटाईतून. माल पातळ झाला तर वर आलेलं पाणी टिपायलाही पुष्कळदा कोरडं सिमेंटच भुरभुरतात. त्याने वर दुधावरच्या सायीसारखा पातळ थर धरतो आणि खालचा माल कमजोरच राहतो. पुढे ही साय जाळीसारखी तडकते, पोपडे सुटतात. म्हणजे ज्या चमकेसाठी शाबासकी दिली, तिनेच दोष झाकलेला असतो.

मग परीक्षा घ्यायची कशी? त्याला लॅब लागत नाही. तराई पूर्ण झाल्यावर, फरशी सुकली की, एक नाणं किंवा लहान हातोडी घेऊन ठोकत चला. कोपरे आणि भिंतीच्या कडा सोडू नका. आवाज भरीव असेल तर ठीक. 'ढब ढब' आला तर कोब्याने खालचा थर धरलेला नाही. नंतर कोरडा तळहात फिरवा, पांढरी पावडर लागते का बघा. खिळ्याने ओरखडा काढा, माल भुसभुशीत निघतो का बघा. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून खालची फट मोजा. ब्रिटिश मानकात साध्या कामाला ५ मिलिमीटरपर्यंत चालते. मोरीत बादलीभर पाणी ओता, ते जाळीकडे जातं की भिंतीकडे, लगेच कळतं. ब्रिटनमध्ये तर टाइल्सखालच्या थरावर ४ किलोचं वजन १ मीटरवरून चार वेळा टाकतात आणि पडलेला खड्डा मोजतात. तिथे चमक कोणी विचारत नाही!

पण नापास कोण, हेही नीट ठरवायला हवं. पोकळ आवाज आला तर बहुधा खालचा थर धुतला नाही, भिजवला नाही. ती मिस्त्रीची चूक. एका पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे ०.५ गुणोत्तर, हे आपण परीक्षेत लिहितो. साइटवर मात्र पाणी मापाने नाही, मर्जीने पडतं. पण पावडर सुटली तर घरमालकानेही आरशात बघावं. आयएस ४५६:२००० प्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवायचं. पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत. आपल्याकडे दोन दिवस पाणी मारलं की तिसऱ्या दिवशी सामान लागतं. मे महिन्याचं ऊन सिमेंटचं पाणी पिऊन टाकतं आणि शिव्या खातो मिस्त्री!

आपल्या आज्या मातीची जमीन दर आठ-पंधरा दिवसांनी सारवायच्या. जमीन सांभाळावी लागते हे त्यांना माहीत होतं. सिमेंट आलं आणि आपल्याला वाटलं, आता सुटलो. कोबा मागतो किती? फक्त चौदा दिवस! गोणपाट किंवा धानाची तणीस पसरा, सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवा.

माझी सूचना साधी आहे. शेवटचा हप्ता ठोकून बघितल्यावर द्यायचा, हे काम सुरू होण्याआधीच मिस्त्रीला सांगावं. ठोकताना तो समोर असावा, आणि पाणी मारण्याची जबाबदारी घरच्यांनी घ्यावी. हिशेब दोन्हीकडून चोख. आयुष्यभराची कमाई घरात घालणाऱ्या माणसाला एवढंही आपण सांगणार नसू, तर काँक्रीट टेक्नॉलॉजीत मिळालेल्या मार्कांचा उपयोग काय?