ऑपरेशन झालं, पुढं काय?

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांमधून कॅन्सरची डे-केअर केंद्रं तीन वर्षांत उभी करू, असं जाहीर झालं. केमोसाठी दर वेळी मुंबई-पुणं गाठणाऱ्या घरांना याचं मोल सांगायला नको. पण मैत्रिणींनो, मला काळजी आहे ती त्यापुढची. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो संपली, की घरात सगळे म्हणतात, ‘सुटलो बाई!’ खरी राखण तर तिथून सुरू होते.

हा आजार उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि जास्त करून यकृतात किंवा फुप्फुसात. गाठ लहान असते तेव्हा ना दुखतं, ना भूक जाते. म्हणून छाती-पोटाचा सीटी स्कॅन आणि रक्ताची सीईए तपासणी. यकृतातली गाठ वेळेत दिसली तर कित्येकदा कापून काढता येते. ब्रिटनमधल्या १२०२ रुग्णांच्या अभ्यासात (२०१४) नियमित सीटी झालेल्यांपैकी ८ टक्के जणांवर बरं करण्याच्या आशेनं पुन्हा शस्त्रक्रिया करता आली. त्रास झाला तरच तपासू, या गटात जेमतेम २.३ टक्के.

मग वरचेवर स्कॅन केले तर आणखी चांगलं? तसंही नाही. स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वेतल्या २५०९ रुग्णांपैकी काहींचे तीन वर्षांत पाच स्कॅन झाले, काहींचे दोनच. पाच वर्षांतले मृत्यू अनुक्रमे १३ आणि १४.१ टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही (२०१८). तेव्हा भीतीपोटी दागिने गहाण टाकून दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करायची गरज नाही. सीईए वाढलं आणि सीटीत काही सापडलं नाही, तर पेट कामाला येतो.

आपल्याकडं घोडं अडतं ते दुसरीकडंच. नवऱ्याच्या स्कॅनची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहिली जाते. बाईची मात्र सुगी, मुलीची बारावी, सासूबाईंचा मोतीबिंदू यांत पुढं पुढं ढकलली जाते. सीईएला तर नुसतं रक्त लागतं. ते जिल्ह्याच्या नव्या केंद्रातच घेतलं गेलं, चुकलेल्या बाईला तिथून फोन गेला, तर किती फेऱ्या वाचतील! सरकारनं केमोच्या खुर्च्यांबरोबर हेही मोजायला हवं.

आणि स्कॅनला जाताना मागची सीडी, रिपोर्ट नक्की न्या. जुन्याशी ताडून पाहिलं, तरच नवा डाग ओळखू येतो.