उजेडाची वाटणी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने खालापूरकडे येताना, किंवा चौकहून वळून कर्जतची वाट धरताना, रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे असलेले जाहिरातींचे फलक हा या दोन तालुक्यांच्या अर्थव्यवस्थेचा ताळेबंदच आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. भाताच्या खाचरांवर उभी राहिलेली फार्म हाउसे, बंगल्यांच्या वसाहती आणि शनिवार-रविवारी मुंबईकरांचा शीण घालवणारी ‘वेलनेस’ केंद्रे असा हा सगळा माल आहे. कातडीची निगा हा या मालातला सर्वांत चकचकीत भाग. मुंबई-पुण्यात त्याची जी आलिशान चिकित्सालये निघाली आहेत त्यांचे एक वैशिष्ट्य असे, की तेथे डॉक्टरांच्या पदव्यांच्या बरोबरीने, किंबहुना आधी, सजावटकाराच्या कौशल्याचा उल्लेख होतो. दवाखान्याची अंतर्गत सजावट हा काय अग्रलेखाचा विषय आहे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते.

एका नातेवाइकाच्या सोबतीने मुंबईतल्या अशा एका चिकित्सालयात दोन तास बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. औषधाचा वास कोठेही नव्हता. चहाच्या फुलांसारखा काही मंद सुगंध होता. जमीन फिकट संगमरवराची, छताच्या कडेने दिवा न दिसता झिरपणारा पिवळसर उजेड, बसायला सायीच्या रंगाचे कोच, आणि ‘रुग्ण’ हा शब्द कोणाच्याही तोंडी नाही. तपासणीच्या खोलीत मात्र सगळेच निराळे होते. तेथे भिंती पांढऱ्या, बिनचकाकीच्या, उजेड स्वच्छ आणि थंड, दार आवाज न करता मिटणारे, आडोशाला पडदा, कोपऱ्यात हात न लावता चालू होणारा नळ. आम्ही चौकशी केली तेव्हा तेथील तरुण डॉक्टरांनी मोठ्या आस्थेने सारे समजावून दिले. रंगीत भिंतीची झाक कातडीवर पडते व निदान फसते. साध्या दिव्याखाली लालसर आणि तपकिरी यांतला भेद बुजतो, म्हणून सूर्यप्रकाशाच्या जवळ जाणारा, ज्याचा सीआरआय म्हणजे रंगदर्शनाचा निर्देशांक नव्वदच्या वर आहे असा दिवा लागतो. डोक्यावरून पडणारा उजेड डोळ्यांखाली सावल्या टाकतो, समोरून पडणारा सुरकुत्या पुसून टाकतो. आरशापाशी कोणता लावायचा हे ठरवणारा मनुष्य बरेच काही ठरवत असतो! लेसरची खोली तर खिडकीवाचून किंवा खिडकी झाकून करावी लागते, तीत आरसा चालत नाही आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर विशिष्ट चष्मा लागतो.

एवढे ऐकल्यावर ध्यानात आले ते हे की त्वचारोगाच्या बाबतीत खोली हेच एक उपकरण आहे. हृदयाचा डॉक्टर अंधारातही नळी लावून ठोके ऐकेल. त्वचेच्या डॉक्टरला पाहावे लागते. पाहण्यासाठी उजेड हवा, उघडे होण्यासाठी आडोसा हवा, आणि एकाची खरूज दुसऱ्याला न देण्यासाठी पाणी हवे. संगमरवर आणि सुगंध बाजूला सारले, तर या आलिशान दालनात शेवटी उरतात त्या याच तीन गोष्टी.

मग संगमरवर कशासाठी? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर अवघड नाही. केनेथ ॲरो यांनी 1963 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेच्या बाजारात ग्राहकाला मालाची पारख करता येत नाही; विकणाऱ्यालाच सारे ठाऊक असते. ज्याला गुण कळत नाही तो खुणांवर विसंबतो. कोच, दिवे, शांतता या खुणा आहेत. व्हेब्लेनने 1899 मध्ये ज्याला दिखाऊ उपभोग म्हटले तो येथे आहेच. पण त्याहून गंभीर बाब पुढची आहे. हा सगळा खर्च बहुधा कर्जाऊ रकमेतून होतो, सजावट चार-पाच वर्षांत शिळी होते, आणि तेवढ्या अवधीत भांडवल वसूल होणे भाग असते. एकदा औषध घेऊन बरा होणारा रोगी अशा हिशेबात परवडत नाही. परवडतो तो सहा-आठ ‘सिटिंग’चे पॅकेज घेणारा, आणि त्याला रोग नसेल तर असमाधान पुरवावे लागते. सावळेपणा हे आपल्याकडे तयारच असलेले असमाधान आहे. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने त्यावर पंचेचाळीस वर्षे धंदा केला आणि 2020 मध्ये नावातला गोरेपणा तेवढा काढला. डॉक्टरांच्या सचोटीविषयी आम्हाला येथे काहीही म्हणायचे नाही. पण छताचा हप्ता औषधाच्या चिठ्ठीत डोकावू लागतो, एवढे खरे. गंमत अशी की आपल्या करकायद्यालाही हा फरक समजतो: 2017 पासून रोगोपचार वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत, निव्वळ सौंदर्यासाठी केलेले उपचार नाहीत.

आता याच तालुक्यांतल्या दुसऱ्या कातडीकडे वळू. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने गेली, उचल राहिली. भट्टीची धग, चिखल, कोळशाची भुकटी यांत भेगाळलेल्या हातांना ‘ड्राय स्किन’ म्हणण्याची पद्धत नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरांतल्या कित्येक वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. आणि खरूज हा असा रोग, की घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी मलम लावून कपडे-पांघरुणे धुतल्याखेरीज हटत नाही. गजकर्ण झालेला मजूर तालुक्याच्या ‘मेडिकल’मधून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणतो. चार दिवस खाज थांबते, मग चट्टा दुप्पट पसरतो. अशी मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केंद्राने 2018 मध्ये केला. नियमाची गाठ चिठ्ठी लिहिणाऱ्याशी पडली तर त्याचा उपयोग!

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कुष्ठरोगाचा. देशपातळीवर या रोगाचे ‘निर्मूलन’ झाल्याचे 2005 च्या अखेरीस जाहीर झाले. त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. महाराष्ट्रात त्यानंतरही दरवर्षी हजारो नवे रुग्ण सापडत आले आहेत. औषध फुकट मिळते, सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. परंतु चट्टा वेळेवर दिसला तर. हा चट्टा फिका किंवा तांबूस असतो, दुखत नाही, खाजत नाही, आणि बहुधा पाठीवर, मांडीवर, कमरेखाली, म्हणजे जेथे बाई सहजासहजी दाखवणार नाही अशा जागी असतो. तो दिवसाच्या उजेडात पाहावा, असे आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवले जाते. सावळ्या अंगावरचा असा चट्टा पिवळ्या बल्बखाली दिसत नाही. आणि जेथे पाहायचे त्या खोलीत काय असते? हिरवट तैलरंगाची चकाकती भिंत, लोखंडी टेबल, गोळ्यांच्या खोक्यांनी अडवलेली खिडकी, आणि दारात रांग. ज्या तीन गोष्टी मुंबईच्या त्या दालनात इतक्या विचारपूर्वक सांभाळल्या होत्या, त्यांपैकी एकही येथे धड नसते.

उजेडाची गोष्ट निघालीच आहे म्हणून एक आठवण देतो. 1915 साली टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीला सुरू झाले, 1922 साली कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरे. घाटावरचे पाणी या तालुक्यांत उतरले आणि वीज मुंबईला गेली. 1942 मध्ये माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातून आलेले वकील भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारून मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील गोळीला बळी पडले. त्याच कोतवालांनी आधी दुष्काळी दिवसांत गोरगरिबांसाठी धान्याच्या पेढ्या चालवल्या होत्या. उजेड कोठे तयार होतो आणि कोठे पोहोचतो, हा प्रश्न या मुलखाला नवा नाही.

सुंदर, विचारपूर्वक रचलेली खोली ही श्रीमंतांचीच मिरास असते, हे म्हणणेही इतिहासाला धरून नाही. फिनलंडमधील पाइमिओचे क्षयरुग्णालय 1933 मध्ये पुरे झाले, तेव्हा तो देश काही धनाढ्य नव्हता. अनेक नगरपालिकांनी व ग्रामसंस्थांनी मिळून ते बांधले. वास्तुकार आल्वार आल्टो याने पडून राहणाऱ्या रुग्णाच्या नजरेने खोली पाहिली. म्हणून छताचा रंग डोळ्यांना निववणारा, दिवा नजरेआड, आणि हात धुण्याचे भांडे असे, की एकाच्या हात धुण्याने शेजारच्याची झोप मोडू नये. आपल्याकडे सेवाग्रामला कुष्ठरोगी परचुरेशास्त्र्यांसाठी गांधीजींनी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधवली आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. त्या झोपडीत सजावट कसली असणार. पण रोग्याची जागा कोठे असावी याचा निर्णय तीत होता.

म्हणून आमची मागणी अगदी मर्यादित आहे. रायगड जिल्हा परिषदेने कर्जत व खालापूर तालुक्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात एक खोली, निदान खोलीचा एक कोपरा, त्वचातपासणीसाठी राखावा. उत्तरेकडे उंचावर दुधी काचेची खिडकी, पांढरा बिनचकाकीचा चुना, एक चांगला दिवा, छतापासून जमिनीपर्यंत पडदा, वाहत्या पाण्याचा नळ आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी स्त्री कर्मचारी. या सहा गोष्टींना सजावटकार लागत नाही. गवंडी, रंगारी आणि इच्छाशक्ती असलेला अभियंता पुरे. दरवर्षी इमारतींच्या दुरुस्तीवर जो खर्च पडतो त्यात हे काम बसवता येईल. वाड्यांवर जाणाऱ्या पथकाला एक घडीचा तंबू द्यावा, कारण उपकेंद्र वाडीजवळ असतेच असे नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतपथकांना चिखलातून पायी डोंगर चढावा लागला होता. आजाऱ्याला तीच वाट उतरून यावे लागत होते.

गेल्या हिवाळ्यात खालापूर तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीवर कुष्ठरोग शोधणाऱ्या पथकाबरोबर आम्ही गेलो होतो. घराघरांत अंधार, म्हणून आशाताईंनी बायांना अंगणात बोलावले. उजेड लख्ख होता, आडोसा नव्हता. मग दोघी जणींनी एक जुनी चादर दोन टोकांना धरली आणि तिच्यामागे एकेक बाई पाठ दाखवू लागली. पुरुष मंडळी न सांगता वाडीच्या खालच्या अंगाला जाऊन बसली. दुपारी वारा सुटला तशी चादर उडू लागली, तेव्हा उरलेल्या सात जणी न दाखवताच परत घरात गेल्या. आशाताईंनी वहीत त्यांच्या नावांपुढे लिहिले, ‘पुन्हा येणे’.