दशावताराची शिडी

मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव. कूर्म म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारा. वराह म्हणजे सस्तन प्राणी, नरसिंह म्हणजे अर्धा पशू अर्धा माणूस, वामन म्हणजे बुटका आदिमानव, परशुराम म्हणजे हाती हत्यार घेतलेला माणूस. सबब, डार्विनच्या हजारो वर्षं आधी आपल्या ऋषींना उत्क्रांती ठाऊक होती. हा मजकूर मराठी वाचणाऱ्या बहुतेकांच्या फोनवर एकदा तरी येऊन गेला असेल. इंजिनियर मंडळींना तो विशेष आवडतो. मी त्याच जमातीतला, म्हणून हे सांगायचा मला थोडा हक्क आहे. एका बाजूला अवतार, दुसऱ्या बाजूला टप्पे, मध्ये बाण. असा तक्ता दिसला की आमचं समाधान होतं आणि आम्ही पुढे ढकलतो.

हा तक्ता ऋषींचा नाही. डार्विनचा ग्रंथ आला १८५९ मध्ये. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८७७ मध्ये, मॅडम ब्लाव्हाट्स्की यांच्या ‘आयसिस अनव्हेल्ड’ या ग्रंथात दशावतार आणि उत्क्रांती यांची ही सांगड छापून आली. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या या बाईंनी कर्नल ऑल्कॉट आणि इतर काही जणांसह १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढली होती. फेब्रुवारी १८७९ मध्ये दोघं मुंबईत उतरले. गिरगावात बिऱ्हाड केलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केलं आणि १८८२ च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलवला. आज आपण ‘प्राचीन ज्ञान’ म्हणून जे मिरवतो, त्यातलं बरंचसं याच कारखान्यातून बाहेर पडलेलं आहे.

परदेशी बाईंनी लिहिलं म्हणून ते खोटं, असा माझा मुद्दा नाही. मुद्दा पद्धतीचा आहे. थिऑसॉफीचं म्हणणं असं की सगळ्या धर्मांच्या आणि पुराणकथांच्या तळाशी एकच गुप्त ज्ञान आहे. कथा म्हणजे वरचं टरफल आणि कुलपाची किल्ली आमच्याकडे. ऐकायला हे फार उदार वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? कथा जे बोलते ते ऐकायचंच नाही, असा परवाना मिळतो. जे जुळेल ते ‘गूढार्थ’, जे जुळणार नाही ते ‘टरफल’. आमच्या कामात जी टेस्ट कधीच फेल होऊ शकत नाही, तिला आम्ही टेस्ट म्हणत नाही.

तरीही ही टेस्ट चालवून बघू. भागवताच्या पहिल्या स्कंधात अवतारांची मोठी यादी आहे. तिच्यात सुरुवातीला सनकादिक कुमार येतात, दुसरा वराह, सहावे दत्तात्रेय. मत्स्य थेट दहावा आणि कूर्म अकरावा. म्हणजे डुक्कर आधी, मासा नंतर, आणि दोघांच्या मध्ये दत्तगुरू! ऋषींना उत्क्रांतीचा क्रम सांगायचा होता, तर भागवतकारांना तो कुणी कळवला नाही असं दिसतं. दुसरी गोष्ट याहून मोठी. पुराणांचा काळ उतरणीचा आहे: सत्ययुगाकडून कलियुगाकडे, चांगल्याकडून वाईटाकडे. तक्त्यातला काळ चढणीचा आहे. पुराणं जे ओरडून सांगतात त्याच्या नेमकं उलट त्यांच्या तोंडी घालायचं, आणि वर म्हणायचं की आम्ही त्यांचा मान वाढवला. उत्क्रांती ही शिडी नव्हे, ती अनेक फांद्यांनी पसरते, हे तर जीवशास्त्राचं साधं पुस्तक उघडलं तरी कळतं. थोडक्यात, या तक्त्यात पुराण धड नाही आणि डार्विनही धड नाही.

पण माझा खरा राग चुकीच्या क्रमाबद्दल नाही. तो बळीबद्दल आहे.

वामनाच्या कथेत दोन माणसं आहेत. एक मागणारा, एक देणारा. तीन पावलं जमीन मागून सगळं घेतलं जातं आणि देणारा पाताळात जातो. ही फसवणूक होती की न्याय, हा प्रश्न त्या कथेच्या पोटातच आहे. महाराष्ट्राने त्याचं स्वतःचं उत्तर दिलेलं आहे. दिवाळीत ओवाळताना आपल्या आयाबहिणी बळीचं राज्य येवो असं म्हणतात. वामनाचं येवो असं कुणी म्हणत नाही. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. आता पुन्हा तक्ता बघा. वामन म्हणजे बुटका आदिमानव. संपलं. बळी कुठे आहे? त्याला रकानाच नाही. हिरण्यकशिपूला नाही, परशुरामाने मारलेल्यांनाही नाही. भांडणाची गोष्ट होती, तिचा जीवशास्त्राचा धडा झाला. आणि धड्यात कुणावर अन्याय होत नसतो.

याच दशावताराचं दुसरं वाचन ‘आयसिस’च्या चार वर्षं आधी पुण्यात झालं होतं. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. त्यांनीही मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेक अवतार घेतला आणि विचारलं की यात जिंकलं कोण, हरलं कोण, आणि ही गोष्ट सांगितली कुणी. फुल्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती आणि सगळा इतिहास आज टिकणार नाही, हे मान्य. पण ते वाचन उघड्यावर आहे. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या सवाल-जबाबात ते लिहिलेलं आहे; धोंडीबा विचारतो, शंका काढतो. तिसऱ्या कुणालाही मध्ये पडून ‘हे पटत नाही’ म्हणता येतं. सत्यशोधक समाज १८७३ चा, थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ ची. सत्याहून मोठा धर्म नाही, हे सोसायटीचं ब्रीदवाक्य. दोघांच्याही पाटीवर सत्य आहे. एकाने ते चव्हाट्यावर शोधलं, दुसऱ्याने हिमालयापलीकडच्या अदृश्य महात्म्यांकडे गहाण ठेवलं.

त्या महात्म्यांची पत्रं अड्यारला अवतरत. लंडनच्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ने रिचर्ड हॉजसन यांना तपासाला पाठवलं आणि १८८५ च्या अहवालात हे सगळं बनाव ठरलं. शतकभराने त्याच संस्थेच्या नियतकालिकात त्या अहवालावर कडक टीकाही झाली. तो वाद बाजूला ठेवू. पत्रं खरी निघाली तरी माझा आक्षेप तसाच राहतो: ज्याचा पुरावा कधीच मागता येत नाही अशा अधिकारावर माणसांनी आयुष्यं बेतली. दामोदर मावळणकर हा मराठी तरुण मुंबईत सोसायटीला मिळाला. त्याने घर सोडलं, जात सोडली, मासिकाचा डोंगराएवढा व्यवहार सांभाळला. १८८५ मध्ये महात्म्यांच्या ओढीने तो सिक्कीममार्गे तिबेटच्या वाटेला लागला आणि परत आला नाही. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, जवळपास माझ्याच वयाचा. त्याच्या धैर्याची मी थट्टा करणार नाही. त्याच्या हाती नकाशा देणाऱ्यांना मात्र माफ करवत नाही.

आणि शिडी एकदा उभी केली की ती अवतारांवर थांबत नाही. १८८८ च्या ‘सिक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये सगळी मानवजात सात मूळ वंशांच्या पायऱ्यांवर बसवलेली आहे. तिसरा वंश लेमुरियाचा, चौथा अटलांटिसचा, पाचवा आर्य. लेमुरिया हे नाव प्राणिशास्त्रज्ञ स्क्लेटर यांनी १८६४ मध्ये लेमूर प्राण्यांच्या प्रसाराचं कोडं सोडवायला सुचवलं होतं. खंड सरकतात हे कळल्यावर त्या बुडालेल्या भूमीची गरजच उरली नाही. पण शिडीवरचे खालचे लोक खालीच राहिले: काही जिवंत मानवसमूह या मांडणीत मागल्या वंशांचे उरलेसुरले अवशेष ठरतात. विश्वबंधुत्व हे सोसायटीचं पहिलं उद्दिष्ट होतं, हे लक्षात ठेवून हे वाचावं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: मिशनरी आपल्या देवांची टर उडवत होते तेव्हा या लोकांनी आपल्याला स्वाभिमान दिला. त्यात तथ्य आहे. ऑल्कॉट यांनी मद्रासेत अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. अड्यारच्या ग्रंथालयाने हस्तलिखितं जपली. ॲनी बेझंट यांनी होमरूलसाठी नजरकैद भोगली. लंडनमध्ये गांधींना गीता वाचायला बसवलं ते दोन थिऑसॉफिस्टांनीच. हे ऋण नाकारायचं कारण नाही. पण दशावताराच्या तक्त्याने दिलेला स्वाभिमान कसला? तुमची कथा मोठी, कारण ती डार्विनशी जुळते. म्हणजे प्रमाणपत्र शेवटी लंडनचंच. ते घ्यायला आपण दीडशे वर्षं रांगेत उभे आहोत आणि रांगेलाच परंपरा म्हणतो आहोत.

पुराणकथेला विज्ञानाच्या शिक्क्याची गरज नाही. तिच्यात सत्ता आहे, लबाडी आहे, दान आहे, न मिटलेलं भांडण आहे. ते तसंच वाचायची हिंमत लागते. तेव्हा तो तक्ता पुन्हा फोनवर आला, तर पाठवणाऱ्याशी विज्ञानावर वाद घालत बसू नका. यात बळी कुठे आहे, एवढंच विचारा.