बोटीवरचा निवारा: कुणासाठी आणि किती दिवस?



कुठे मोठं वादळ किंवा भूकंप झाला की एक सूचना हमखास येते: "लोकांना राहायला जागा नाही ना? मग क्रूझची जहाजं आणून उभी करा की!" ऐकायला झकास वाटतं. हजारो पलंग, स्वयंपाकघर, दवाखाना, सगळं तयार. फक्त धक्क्याला लावायचं. माझं मत असं की कल्पना चांगली आहे, पण बहुतेक वेळा ती चुकीच्या माणसांसाठी सुचवली जाते.

अमेरिकेतल्या मंडळींना कतरिना आठवत असेल. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ आलं, बंधारे फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. फेमा या सरकारी आपत्ती निवारण संस्थेने कार्निव्हल कंपनीची एक्स्टसी, सेन्सेशन आणि हॉलिडे ही तीन जहाजं सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतली. खाटा ७ हजारांच्या वर, करार २३ कोटी ६० लाख डॉलरपर्यंतचा. म्हणजे जहाजं गच्च भरली तरी माणशी आठवड्याला १,२७५ डॉलर! त्याच सुमारास गॅल्व्हस्टनहून कॅरिबियनची आठवड्याची सहल ५९९ डॉलरला मिळत होती. टॉम कोबर्न आणि बराक ओबामा या दोन पक्षांच्या दोन सिनेटरांनी मिळून या करारावर टीका केली.

पैशाचं एक वेळ सोडा. एक्स्टसी आणि सेन्सेशन आधी टेक्ससमध्ये गॅल्व्हस्टनला आणली. पण ह्यूस्टनच्या निवाऱ्यांतली कुटुंबं बोटीवर जायला तयार होईनात. त्यांचं काय चुकलं? त्यांना नोकरी शोधायची होती, मुलांना शाळेत घालायचं होतं, ताटातूट झालेल्या नातेवाइकांचा पत्ता काढायचा होता. शिवाय पाण्यातून जेमतेम जीव वाचवून आलेल्या माणसाला पुन्हा पाण्यावरच राहायला जा म्हणायचं! तिथे शहर धडधाकट उभं होतं. वीज, पाणी, दुकानं, शाळा सगळं चालू होतं. जहाजाने त्यात वेगळी भर काय घातली असती?

मग हीच जहाजं न्यू ऑर्लिन्सला नेली आणि तिथे पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, शहराचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं राहिली. इथे मात्र उपयोग झाला. ज्यांनी शहर पुन्हा सुरू करायचं त्यांचीच घरं बुडाली होती.

माझ्या मते फरक इथेच आहे. जहाज म्हणजे स्वतःची वीज, स्वतःचं पाणी, स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं छोटं गाव. जिथे गावातलं हे सगळं बंद पडलंय तिथे त्याचं मोल आहे. जिथे गाव चालू आहे तिथे ते नुसतं महागडं हॉटेल.

जपानने याचा आणखी एक शहाणा उपयोग करून दाखवला. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानंतर नानाओ बंदरात हाकुओ नावाची फेरीबोट लावली. निवाऱ्यांतल्या लोकांना एका रात्रीपुरतं बोलवायचं, गरम पाण्याने आंघोळ, गरम जेवण, स्वच्छ अंथरूण द्यायचं आणि मग पुढची तुकडी. घर म्हणून नाही, विसावा म्हणून.

आता आपल्याकडचं बघू. कोकणात पूर आला की बोट आणा म्हणणं सोपं आहे. पण २०२१ मध्ये बुडालेलं चिपळूण समुद्रापासून किती आत आहे! तिथे वाशिष्ठीतून क्रूझचं जहाज कसं नेणार? मुंबईची गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल बंद पडल्या. मुंबई चालवणाऱ्या नर्स, वायरमन, पालिकेचे कामगार यांतले कितीतरी जण विरार-बदलापूरला राहतात. अशा वेळी त्यांना पंधरा दिवस शहरातच राहता यावं म्हणून बंदरात एक जहाज असणं मला पटतं. मात्र भाडं, धक्का, मैलापाण्याची सोय हे सगळं आधी ठरलेलं हवं. संकट आल्यावर घासाघीस करायला गेलं की समोरचा सांगेल ती किंमत, हे कतरिनाने शिकवलंच आहे.

कुटुंबांना मात्र जमिनीवरच, त्यांच्या शाळा आणि कामधंद्याजवळ जागा द्यावी. मुंबईच्या संक्रमण शिबिरांत "तात्पुरते" म्हणून गेलेल्यांची पुढची पिढी तिथेच मोठी झाली, हे आपल्याला माहीत आहे. जहाजाचं एक बरं, करार संपला की ते निघून जातं. पण त्या दिवशी उतरून जायचं कुठे, याचं उत्तर चढण्याआधी मिळायला हवं. आणि "तुम्हाला चालेल का?" हा प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायला हवा.

आपल्यात मर्चंट नेव्हीतले आणि बंदरांवर काम केलेले बरेच जण आहेत. मुंबई बंदरात हे जमेल का, त्यांनी जरूर लिहावं.