जुलाब साधे समजू नका

पेशंट दर तीन आठवड्यांनी मुंबईला येतो, इम्युनोथेरपीचं सलाइन लावून घेतो आणि रात्रीच्या गाडीने गावी परततो. केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. दोनेक महिन्यांनी जुलाब लागतात. दिवसाला सात-आठ वेळा, कधी रक्तही पडतं. गावातले डॉक्टर ओआरएस आणि अँटिबायोटिक देतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? हे दुखणं जंतूंचं नसू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधं कॅन्सरच्या पेशींना थेट मारत नाहीत. आपल्याच टी-पेशींवरचा लगाम ती काढतात. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर, क्वचित हृदयावरही उलटतात. शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही हे घडू शकतं.

वेळेत ओळखलं तर बहुतेकांना उतार पडतो. त्रास तीव्र असेल तर इम्युनोथेरपी थांबवून स्टेरॉइड देतात, वजनाच्या किलोमागे रोज १ ते २ मिलिग्रॅम. दोन-तीन दिवसांत जुलाब आटोक्यात आले नाहीत तर इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध लागतं. ते देण्याआधी टीबीची तपासणी हवीच, कारण आपल्याकडे अनेकांच्या अंगात टीबीचे जंतू निपचित असतात आणि प्रतिकारशक्ती दाबली की ते डोकं वर काढतात. माझं ठाम मत आहे की ही तपासणी इम्युनोथेरपी सुरू करण्याआधीच उरकून घ्यावी. ऐन वेळी रिपोर्टची वाट पाहायला सवड नसते.

खरा घोळ होतो तो घरी आल्यावर. बरं वाटू लागतं, कुणीतरी स्टेरॉइडची धास्ती घालतं आणि गोळ्या परस्पर बंद होतात. त्या निदान चार ते सहा आठवडे हळूहळू कमी करायच्या असतात. एकदम सोडल्या तर दुखणं उलटतं. तोवर रक्तातली साखर तपासत राहावं लागतं.

हे आत्ताच बोलायला हवं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये तोंडाने घ्यायच्या औषधांना अवघ्या २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. उपचार असा आवाक्यात आला की हे पेशंट तालुक्या-तालुक्यात दिसणार. प्रत्येक रुग्णालयाने त्यांच्या हाती मराठीतलं कार्ड द्यायला हवं: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर.

कार्ड मिळालं नसेल तर हेच कागदावर लिहून पाकिटात ठेवा. जुलाब, कोरडा खोकला, धाप, छातीत दुखणं, काहीही सुरू झालं तरी औषध घेण्याआधी तो कागद डॉक्टरांपुढे धरा आणि त्याच दिवशी त्या नंबरवर फोन करा.